‘घा’चे पाहुणे

अप्पांच्या घरी पाहुणा आला की त्याला तीन गोष्टी मिळत: पाणी, चहा आणि गाणं. पाणी सगळ्यांना सारखं. चहा आणि गाणं ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे.

याचं मूळ अप्पांच्या स्वभावात होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. अप्पांच्या घरी ती बहीण कायमची माहेरपणाला येऊन राहिली होती. नोकरीत असताना ते एका मोठ्या इस्पितळात वॉर्डाची व्यवस्था बघत. भेटीची वेळ संपली की भिंतीवरचं बटण दाबायचं, घंटा वाजायची, लोक खुर्च्या सरकवत उठायचे आणि अप्पा दाराशी उभे राहून प्रत्येकाला हसून “या” म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला “जा” म्हटलं नव्हतं. ते काम घंटेने केलं, श्रेय अप्पांना मिळालं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. द्यायची ती घंटा इस्पितळातच राहिली.

मग घरी पाहुणे येऊ लागले. अप्पा “बसा” म्हणायचे आणि लोक बसायचे. इथवर ठीक. पण बसलेल्या माणसाला उठायला आणखी एक शब्द लागतो आणि तो अप्पांच्या तोंडी नव्हता. एकदा वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी आलेला एक गृहस्थ चुकून यांच्याकडे शिरला. चूक त्याच्या लगेच लक्षात आली, पण अप्पांनी “असू द्या, बसा” म्हटलं. तो जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून वर गेला. जाताना चपला मात्र अप्पांच्या घालून गेला.

त्या चपला शोधायला म्हणून अप्पा जुन्या बाजारात गेले आणि तिथे त्यांना तो ग्रामोफोन दिसला. चावीचा, लाकडी पेटीचा, झाकणाला आतून हिरवं कापड लावलेला. विकणाऱ्याने चावी भरून दाखवली, भोंगा पुसून दाखवला, अप्पांचा चेहरा कोराच. शेवटी तो म्हणाला की गाणं संपलं की हा आपोआप थांबतो.

“आपोआप म्हणजे?” अप्पांनी विचारलं. “कोणी काही न बोलता?”

“कोणी काही न बोलता.”

अप्पांनी घासाघीसही केली नाही.

यंत्र साधं होतं. सुईचा हात पेटीला जिथे बसवलेला असतो त्याच्या बुडाशी एक पितळी पट्टी, आणि पट्टीवर मागेपुढे सरकणारा, स्क्रूने घट्ट करायचा एक काटा. गाणं पुढे जातं तशी सुई तबकडीत आत आत सरकते, हात वळतो, वळता वळता काट्याला टेकतो, काटा खटका सोडतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर चामड्याचा एक तुकडा फिरत्या थाळीच्या कडेला जाऊन चिकटतो. खट्. थाळी जागच्या जागी थांबते. बनवणाऱ्यांचा हेतू असा की काटा तबकडीच्या शेवटाला लावून ठेवावा, म्हणजे माणसाला खुर्चीतून उठायला नको. अप्पांनी त्याच काट्याने माणसांना खुर्चीतून उठवायला सुरुवात केली.

कारण काटा शेवटालाच लावला पाहिजे अशी काही सक्ती नव्हती.

पेटीबरोबर तबकड्या बऱ्याच आल्या होत्या, पण धड अशी एकच. तिच्यात एक बाई मोठ्या आर्जवाने गात असे, “नको करू रे घाई, सख्या, नको करू रे घाई, अजून दिवा लागला नाही.” पुढच्या ओळीत सावली उंबऱ्याशी थांबलेली असे आणि त्यापुढे बरंच काही होतं. पाहुणा आला की अप्पा “बसा” म्हणून लगेच पेटीशी जात, काटा लावत, चावी भरत आणि सुई टेकवत. गाणं चालू असताना बोलायला मनाई नव्हती. उलट काय बोलायचं ते तेवढ्यातच बोलायचं. खट् झालं की अप्पा उठून उभे राहत, “छान. या मग,” म्हणत आणि पाहुणा, का ते त्यालाही न कळता, चपला शोधू लागे. माणसं अशी आहेत. घंटा वाजली की उठतात, मग ती कशाचीही असो.

पट्टीवर अप्पांच्या धाकट्या मुलीने आपल्या नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते. लाल ठिपक्यावर काटा लावला की गाणं “नको करू रे घा” इथवर येऊन थांबे. त्यातलंही बरंचसं सुरुवातीच्या वाद्यांतच जाई. तो ठिपका विक्रेते, वर्गणीवाले आणि मतं मागणारे यांच्यासाठी. गुलाबी ठिपका दिव्यापर्यंत, तो शेजाऱ्यांचा. जांभळा सावलीपर्यंत, तो नातेवाइकांचा. थोरले जावई आले तर काटा पार शेवटाला जाई, आणि तेसुद्धा शेवटाचं खट् झालं की घरी जात. दार वाजलं की अप्पांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघरातून “कोण?” विचारत आणि अप्पा हळूच सांगत, “घा.” मग काकू सगळ्यात लहान कप काढत. ‘घा’च्या पाहुण्याला चहा भाजतच प्यावा लागे.

आता लिफ्टवाल्याची गोष्ट.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा, आणि त्यातही ब्रेकचा माणूस. लोकांना वाटतं की लिफ्टचा ब्रेक लावायला वीज लागते. तसं नसतं. ब्रेक स्प्रिंगने आपला लागलेलाच असतो. वीज लागते ती सोडायला. लिफ्टवालाही साधारण असाच होता. मुळात थांबलेला. त्यात आयुष्य लिफ्टच्या विहिरीत गेलेलं, खालून एक वाक्य ओरडायचं आणि वरच्या जोडीदाराचं उत्तर घुमत येईपर्यंत वाट बघायची. त्यामुळे दिवाणखान्यातही तो एक वाक्य बोलून वर छताकडे बघत थांबायचा.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट तपासताना लिफ्टवाला स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकला आणि दार चार बोटं उघडून राहिलं. मदत येईपर्यंत धाकटी फटीशी उभी राहून त्याच्याशी बोलत राहिली. मध्ये ती डबा खाऊन आली आणि पुन्हा बोलत राहिली. तिला त्याचं डोकं दिसत होतं आणि त्याला तिच्या चपला. बाकीचं एकमेकांना पुढे यथावकाश आवडलं.

लग्नाचं दोघांचं ठरलं, घोडं अडलं ते अप्पांना विचारण्यापाशी. धाकटीने साफ सांगितलं होतं की हे काम तिचं नाही. थोरल्या बहिणीच्या वेळी होणारे जावई तोंडातून शब्द काढेनात म्हणून सगळं धाकटीच बोलली होती, आणि तेव्हापासून थोरले जावई हॉटेलात काय मागवायचं तेसुद्धा तिला फोन करून विचारत होते. असला आणखी एक माणूस तिला नको होता. त्यातच दुकानाच्या मालकाने दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि ती सांभाळायला धाकटीला विचारलं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं.

“तोवर तू विचारलंस तर मी इथे राहते,” ती म्हणाली. “नाही विचारलंस तर मी तिकडे जाते. फटीतून बोलत राहायची मला हौस नाही.”

लिफ्टवाला कामावरून थेट गेला, कंपनीच्या निळ्या कपड्यांत, छातीवर लिफ्टचं चित्र. अप्पांनी दार उघडलं, चित्र पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

“माहीत आहे,” लिफ्टवाला म्हणाला, “जिन्यानेच आलो,” आणि छताकडे बघत थांबला.

अप्पांनी “बसा” म्हणून काटा लालवर लावला. लिफ्टवाल्याने चहा तोंडाला लावला, जीभ भाजली, ती सावरेपर्यंत खट्. “छान,” अप्पा म्हणाले. “या मग.”

दुसऱ्यांदा तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागदाची पिशवी घेऊन गेला. पिशवीत बिस्किटं होती. पण इस्त्रीचा शर्ट आणि पिशवी बघून अप्पांना वाटलं की कंपनीने आता माहितीपत्रकं देऊन धाडलंय. त्यांनी चावी भरता भरताच सांगून टाकलं की सोसायटीला लिफ्ट बसवायची नाही, सभेत तसं ठरलंय. लिफ्टवाल्याने विचार केला की आधी लिफ्टचा गैरसमज दूर करावा. तो म्हणाला, “बसवायची नसली तरी हरकत नाही.” हे वाक्य जगातला प्रत्येक विक्रेता म्हणतो. पुन्हा लाल, पुन्हा घा.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. याचं भांडं उघडं होतं, पण सगळ्यांना ते दुसऱ्याच कशाचं तरी वाटत होतं.

तिसऱ्या वेळी त्याने आधी आरशासमोर वाक्य पाठ केलं. “अप्पा, मला तुमच्या धाकटीशी लग्न करायचं आहे.” वाद्यं संपायच्या आत बसणारं वाक्य होतं. तो खुर्चीत टेकला, सुई टेकली, त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याची नजर पितळी पट्टीवर गेली. ब्रेकचा माणूस. काट्याच्या मागचा खटका, खटक्यामागची स्प्रिंग, स्प्रिंगपुढचं चामडं. वीज नाही, तार नाही, आणि मुळात लागलेला ब्रेक. त्याच्या तोंडून वाक्य निघालं ते असं, “अप्पा, ही फार सुंदर आहे.”

अप्पांनी त्याच्या नजरेच्या रोखाने पेटीकडे पाहिलं. आजवर एकाही विक्रेत्याने पेटीचं कौतुक केलं नव्हतं. ते म्हणाले, “आपोआप थांबते.” लिफ्टवाला म्हणाला, “दिसतंय.” खट्. पण “या मग” म्हणताना अप्पांनी पहिल्यांदाच त्याला जिन्यापर्यंत सोडलं. पुढच्या वेळी काटा गुलाबीवर होता. लिफ्टवाल्याने ठिपका पाहिला आणि आपण शेजारी झालो या आनंदात तो दिव्यापर्यंत गप्पच बसला.

इथे धाकटीचा संयम सुटला.

तिने ठरवलं की माणूस वेगाने बोलत नसेल तर निदान यंत्राने उशिरा थांबावं. काटा पुढे सरकवला असता तर अप्पांच्या लगेच लक्षात आलं असतं. म्हणून तिने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेतली, थाळी उचलली आणि त्या चामड्याच्या तुकड्याला, थाळीच्या कडेला, जिथे जिथे काही घासतं असं दिसलं तिथे तिथे भरपूर तेल घातलं. तिचा हिशेब असा की दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला येईल, ब्रेक लागणार नाही, गाणं शेवटपर्यंत चालेल आणि एवढ्या वेळात तर थोरले जावईसुद्धा बोलले असते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याला एका बँकेच्या लिफ्टसाठी जावं लागलं. त्याच्याऐवजी फिल्टरवाला आला.

फिल्टरवाला पाण्याचे फिल्टर विकत असे आणि त्याच्या आयुष्यात त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा माणूस त्याला अजून भेटायचा होता. अप्पांनी काटा लालवर लावला. ‘घा’ आलं. खटका पडला, चामडं थाळीला लागलं आणि लोण्यावरून सुरी फिरावी तसं घसरलं. दिवा गेला, सावली गेली, गाणं संपलं, सुई शेवटच्या चरीत खरखरत राहिली आणि चावी उतरेपर्यंत थाळी फिरत राहिली. खट् काही झालं नाही. अप्पा खुर्चीच्या कडेला उठायच्या तयारीत बसून राहिले. हात पुढे करून थाळी थांबवता आली असती, पण हाताने थांबवणं म्हणजे तोंडावर “जा” म्हणणं.

फिल्टरवाल्याने घरातलं सगळं पाणी गाळून दाखवलं. मग चहा गाळून दाखवला. तो पांढरा झाला. मग फुलदाणीतलं पाणी. जाईल म्हणून अप्पांनी एक फिल्टर विकत घेतला, तर तो बसवायला थांबला. दुसरा घेतला, तर पहिल्यातलं पाणी दुसऱ्यात घालून दाखवायला थांबला. संध्याकाळी गेला खरा, पण आपली पेटी “उद्या लागेलच” म्हणून तिथेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊनच आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताखालचा माणूस आला. मग खालच्या मजल्यावरच्या बाई नळाचा वायसर विचारायला आल्या आणि त्यांच्याशी बोलायला समोरचे आले. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर हेही सगळे बसून राहिले. आठवड्याच्या शेवटी दारावर अप्पांच्या पाटीखाली एक छोटी पाटी लागली, “विक्री व दुरुस्ती”. अप्पा स्वतःच्या घरात स्टुलावर बसू लागले. कोणी आत आलं की सवयीने “बसा” म्हणत आणि मग बसायला जागा नाही म्हणून स्टूलही देत.

आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. धाकटीने औषध घातलं होतं आणि पखालच घरभर पसरली होती. ती रोज दुकानातून घरी येई, माणसं मोजायचा प्रयत्न करी आणि आत जाऊन काकूंना कप विसळायला मदत करी. महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा तिने लिफ्टवाल्याला फोन केला आणि हत्यारं घेऊन ये म्हणाली.

तो आला तेव्हा फिल्टरवाला अप्पांना गाळाचे प्रकार समजावून सांगत होता. अप्पांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्या नजरेत बुडत्या माणसाचं सगळं होतं, फक्त ओरडणं नव्हतं. “पेटी,” ते एवढंच म्हणाले.

लिफ्टवाला पेटीपुढे गुडघ्यांवर बसला. धाकटीने टॉर्च धरला. त्याने थाळी उचलली, चामड्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“याला तेल कोणी घातलं?”

“मी,” धाकटी म्हणाली.

“ब्रेकला?”

“तुझ्यासाठी. तुला वेळ मिळावा म्हणून.”

त्याच्या धंद्यात ब्रेकला तेल लागणं ही चूक नसते, गुन्हा असतो. गड्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. आणि असला गुन्हा कोणीतरी त्याच्यासाठी, जाणूनबुजून, भरपूर तेल वापरून केला होता. राग यावा की गहिवरून यावं हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्याने फडकं मागितलं.

धाकटीने फडकं दिलं आणि खाली वाकून कुजबुजत सांगितलं की तसंच राहू दे. उद्या तिला मालकाला उत्तर द्यायचंय. आज इथे काही थांबणार नाही, हवा तेवढा वेळ आहे, आत्ता इथेच विचार. लिफ्टवाल्याने मान वळवून पाहिलं. अप्पांच्या मांडीवर कोणीतरी फिल्टरचा डबा ठेवला होता आणि ते तो दोन्ही हातांनी सांभाळून धरून बसले होते.

“ब्रेक नसताना खाली माणूस ठेवून आम्ही काम करत नाही,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“आणि माझं?”

तो छताकडे बघत थांबला. वरून उत्तर आलं नाही. “आधी ब्रेक,” तो म्हणाला.

धाकटीने टॉर्च त्याच्या डोळ्यांवर मारला, जरा वेळ तसाच ठेवला आणि मग पुन्हा थाळीवर आणला. नंतर ती आत जाऊन तिची पर्स घेऊन आली. काचा पुसायचं स्पिरिट तिच्याकडे नेहमीच असे. त्याने थाळीची कड पुसली, पुन्हा पुसली. जुनं चामडं तेल पिऊन सुटलं होतं, ते काही कामाचं नव्हतं. तिने चष्म्याचं एक जुनं चामडी घर पुढे केलं. त्याने त्यातून नखाएवढा तुकडा कापला, खडबडीत बाजू बाहेर ठेवून डकवला आणि स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली. मग काटा लालवर लावला, चावी भरली, सुई टेकवली. खोलीतलं कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाद्यं वाजली. फिल्टरवाला सांगत होता की पाणी दिसायला कसंही असो, मुळात ते शु—

“नको करू रे घा,” बाई म्हणाल्या.

खट्.

खोलीतले सगळे उठले. फिल्टरवाला उठला, त्याचा माणूस उठला, वायसरच्या बाई उठल्या, समोरचे उठले. का उठलो हे कोणीच कोणाला विचारलं नाही. फिल्टरवाल्याचं वाक्य ‘शु’पाशीच राहिलं आणि तो आपली पेटी काखेत मारून चपला शोधू लागला. अप्पा दाराशी जाऊन उभे राहिले. इस्पितळात उभे राहत तसे, ताठ. “या,” ते म्हणत होते. “या. या. सावकाश. या मग.” शेवटचा पाहुणा जिना उतरला तेव्हा अप्पांनी दारावरची छोटी पाटी काढली आणि खिशात घातली.

वळून बघतात तो लिफ्टवाला हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एका पायात बूट चढवत होता.

“तू कुठे निघालास?” धाकटीने विचारलं.

“घा झालं ना,” तो म्हणाला.

धाकटीने कपाळाला हात लावला. अप्पा मात्र पेटीशी गेले. त्यांनी स्क्रू सैल केला आणि काटा सरकवला. लाल ठिपका मागे गेला, गुलाबी गेला, जांभळा गेला. काटा पट्टीच्या टोकाला पोचला तेव्हा त्यांनी स्क्रू घट्ट केला, अगदी शेवटपर्यंत चावी भरली आणि म्हणाले, “बसा.”

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी काटा पाहिला आणि मोठा कप काढला.

गाणं सुरू झालं. लिफ्टवाला एका पायात बूट तसाच ठेवून बसला. घा गेलं. दिवा गेला. सावली गेली आणि लिफ्टवाल्याने कधी न ऐकलेला मुलूख सुरू झाला. बाई आता कोणाच्या तरी पायांवरच्या धुळीबद्दल विचारत होत्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, सुईकडे बघत होती. सुई आत सरकत होती. लिफ्टवाल्याला कळलं की गाणं कितीही लांबलं तरी काटा कुठे ना कुठे असतोच.

“अप्पा,” तो म्हणाला, “मी लिफ्ट विकायला येत नव्हतो.”

तो सवयीने छताकडे बघायला गेला, पण मध्येच त्याने स्वतःची मान थांबवली. “मला धाकटीशी लग्न करायचंय. तिलाही करायचंय. तेल तिनेच घातलं होतं. आणि पुसलं मी.”

अप्पांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली. ती होकाराला होती की तेलाच्या कबुलीला, दोन्हींना चालली असती.

“म्हणजे लिफ्ट बसवायची नाहीये?” अप्पांनी विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“माझ्याकडून तरी नाही.”

“बरं,” अप्पा म्हणाले आणि गाणं ऐकू लागले. ते बरं कशाला होतं हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. बाईंनी शेवटचं आळवून घाई करू नको म्हणून सांगितलं, वाद्यं वाजली, हात काट्याला टेकला.

खट्. नव्या चामड्याने थाळी अशी धरली की ती तसूभरही पुढे गेली नाही.

लिफ्टवाला उठून उभा राहिला. त्याचा त्यात काही दोष नव्हता. पाय आपणहून उठले. “येतो,” तो म्हणाला.

“बस,” अप्पा म्हणाले.

लिफ्टवाला अर्धा वाकून थांबला. बस म्हणजे पुरे झालं, आता इथे पुन्हा येऊ नकोस? की बस म्हणजे खुर्ची? अप्पांनी त्याला आजवर “बस” असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आजवर त्यांनी कोणाला “पुरे” असंही म्हटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच घडायच्या होत्या आणि त्यातली एक नुकतीच घडली होती. तो ना उभा ना बसलेला, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा लोंबकळत राहिला.

काकू मोठा कप घेऊन बाहेर आल्या. “अहो, कुठलं बस?” त्यांनी विचारलं.

अप्पांनी विचार केला. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ आली नव्हती. “बसायचं,” ते म्हणाले. “खाली.”

“मग नीट सांगावं. पोराचे गुडघे जातील.” काकूंनी लिफ्टवाल्याच्या हातात कप दिला. “परक्याला बसा म्हणतात ते. तुला बस म्हणाले. आता बस, आणि तो दुसरा बूट काढ.”

लिफ्टवाला बसला. चहा इतका होता की तो निवेपर्यंत थांबणं भागच होतं. धाकटी आत गेली आणि मालकाला फोन करून शाखेसाठी दुसरं कोणी बघा म्हणाली. तिचं बोलणं बाहेर स्वच्छ ऐकू येत होतं, कारण बाहेर कोणीच बोलत नव्हतं. तबकडी संपलेली आणि माणूस बसलेला, अशी वेळ त्या घरात कधी आलीच नव्हती. पुढे काय करतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

बराच वेळ विचार करून अप्पांनी तबकडी उचलली आणि उलटी केली. दुसरी बाजू कधी लावलेली नव्हती. चरींत धूळ होती, ती त्यांनी धाकटीच्या स्पिरिटच्या फडक्याने पुसली. ब्रेक सोडला, सुई टेकवली. त्याच बाई, तीच वाद्यं, पण या बाजूला बाईंचा सूर एकदम वेगळा होता, भांडी आपटून ठेवणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्या ठणकावून म्हणाल्या,

“जा घरी आता, जा घरी, बसलास किती रे दारी!”

लिफ्टवाला अर्धा उठला. काकूंनी खांद्याला धरून त्याला खाली बसवलं.

अप्पा कान देऊन ऐकत होते. पहिलं कडवं संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग पितळी पट्टीकडे, तिच्यावरच्या तिन्ही ठिपक्यांकडे, काट्याकडे त्यांनी एकदा नजर टाकली.

“ही बाजू आधी लावली असती,” ते म्हणाले, “तर ब्रेकची गरजच लागली नसती.”